राउटरला प्रमाणपत्र सक्तीचे, रिगरला ऐच्छिक

देशातल्या मोबाइल आणि इंटरनेटच्या कारभाराचा मोठा भाग नवी मुंबईतून हाकला जातो. घणसोलीच्या कॉर्पोरेट पार्कमध्ये जिओचे मुख्य ठाणे आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकापाठोपाठ एक डेटा सेंटर उभी राहिली आहेत. ही यंत्रणा चालू ठेवणारी माणसे मात्र त्या काचेच्या इमारतींत फारशी दिसत नाहीत. गावठाणातल्या चाळवजा इमारतींच्या गच्चीवरचे टॉवर चढणारा रिगर, पदपथाखालच्या चेंबरमध्ये उतरून फायबर जोडणारा स्प्लायसर, रात्रीतून चर खोदून डक्ट टाकणारे मजूर, बॅटरी बँक बदलणारा टेक्निशियन, ही ती माणसे. यांना कामाला हात लावण्यापूर्वी सुरक्षेचे प्रशिक्षण आणि परीक्षेनंतरचे प्रमाणपत्र सक्तीचे करावे का, या प्रश्नावर दोन तट पडतात. पुढचा संवाद त्या दोन तटांमधला आहे. ठेकेदार आणि रिगर ही येथे युक्तिवादांची नावे आहेत, कोणा व्यक्तींची नाहीत. लेखकाची बाजू सक्तीची आहे. पण ती कोणावर आणि कशी, यावर सारे अवलंबून आहे.

ठेकेदार : सुरक्षा नको असं कोण म्हणेल? पण तुम्ही कागदावरून बोलता आणि आम्हाला काम साइटवर करावं लागतं. माझ्याकडे काम येतं ते तिसऱ्या हातातून. कंपनी टॉवरवाल्याला देते, टॉवरवाला मोठ्या ठेकेदाराला, तो मला. माझ्यापर्यंत येईस्तोवर दरातला रस संपलेला असतो. त्यात तुम्ही म्हणणार, आठ पोरांना चार दिवस बसवून शिकवा. त्या चार दिवसांची मजुरी कोण देणार? शिकवलेला पोरगा दिवाळीला गावी जातो, परत येतो तो दुसऱ्याच ठेकेदाराकडे. इकडे फॉल्ट आला की तासांचा हिशेब सुरू होतो, उशीर झाला की बिलातून पैसे कापतात. आणि सक्ती केलीत तर काय होईल सांगू? दाखले विकत मिळायला लागतील. फोटो, आधार आणि हजार रुपये दिले की संध्याकाळी सर्टिफिकेट. मग तुमची सुरक्षा कुठे गेली? या धंद्याला दाखल्यांची सक्ती झेपणारी नाही.

लेखक : दाखले विकले जाण्याची भीती खरी आहे, तिच्याकडे पुढे येऊ. पण या धंद्याला दाखल्यांची सक्ती झेपत नाही, हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे, कारण इतकी प्रमाणपत्रे सांभाळणारे उद्योग देशात थोडे असतील. दूरसंचाराचे यंत्र बाजारात आणण्यापूर्वी त्याची चाचणी करून प्रमाणपत्र घेणे २०१७च्या नियमदुरुस्तीने बंधनकारक झाले आणि १ ऑक्टोबर २०१९पासून टप्प्याटप्प्याने ते लागूही झाले. टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या लहरींची मर्यादा सरकारने सप्टेंबर २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांशावर आणली. प्रत्येक बेस स्टेशन त्या मर्यादेत आहे असे कंपनीने लिहून द्यायचे आणि ते खोटे ठरल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड भरायचा, अशी व्यवस्था झाली. जमिनीखालच्या केबलला धक्का लागू नये म्हणून खोदणाऱ्याने आधी कळवण्याचे बंधन नियमांत आले, त्यासाठी मार्च २०२३मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप निघाले. म्हणजे राउटरला प्रमाणपत्र आहे, लहरींना आहे, केबलला संरक्षण आहे. तो राउटर खांद्यावर घेऊन चढणारा, त्या लहरींच्या अगदी समोर उभा राहणारा आणि त्या केबलसाठी चरात उतरणारा माणूस तेवढा या यादीबाहेर राहिला आहे. टेलिकॉम सेक्टर स्किल काउन्सिलने टॉवर टेक्निशियन, फायबर स्प्लायसर अशा कामांचे अभ्यासक्रम आखले आहेत, परीक्षा ठेवल्या आहेत; पण ते सारे कौशल्यविकासाच्या खात्यात येते, साइटच्या फाटकावर ते कोणी मागितलेच पाहिजे असे नाही. आणि माणसाच्या प्रमाणपत्राची सक्ती आपल्याला नवीनही नाही. याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात बॉयलर चालवणाऱ्याला प्रावीण्याचे प्रमाणपत्र लागते, वायरमनला परवाना लागतो. त्या सक्तीमुळे कारखाने बंद पडले नाहीत आणि शहर अंधारातही गेले नाही.

ठेकेदार : बॉयलर फुटला तर मोहल्ला उडतो, म्हणून तिथे परवाना. आमच्या कामात धोका असतो तो करणाऱ्यापुरता. आणि ते काम वर्गात बसून येत नाही. नवा पोरगा आधी खाली उभा राहून दोर धरतो, मग अर्ध्यावर चढतो, सहा महिन्यांत वर जातो. उस्तादाच्या हाताखाली जे शिकायला मिळतं ते कुठल्या स्लाइडवर दाखवणार? दहा वर्षं टॉवर चढणाऱ्याला तुमचा पंचविशीतला प्रशिक्षक काय शिकवणार?

लेखक : आधी एक गोष्ट बाजूला काढू. धोका करणाऱ्यापुरता असला तर तो कमी महत्त्वाचा, हे मान्य करता येणार नाही. शिवाय ते खरेही नाही. वरून निसटलेला पाना खालच्या पादचाऱ्याच्या डोक्यावर पडतो आणि आधार न देता खोदलेला चर शेजारच्या वाहिनीला धोका पोहोचवतो. उस्तादाच्या हाताखाली मिळणाऱ्या शिक्षणाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. हात बसतो तो अनुभवानेच. पण अनुभव शिकवतो ते रोज घडणारे. माणूस मरतो तो वर्षानुवर्षांत एकदा घडणाऱ्या प्रसंगाने, आणि त्या प्रसंगाचा सराव उस्तादालाही नसतो. चेंबरचे उदाहरण घेऊ. नवी मुंबईचा बराच भाग खाडीला भर घालून उभा आहे आणि भरतीच्या वेळी शहरात पाणी साचू नये म्हणून सिडकोला धारण तलाव बांधावे लागले. अशा जमिनीत पावसाळ्यात चेंबर पाण्याने भरतात, शेजारच्या गटारातले झिरपते, आत कुजण्याची क्रिया चालू राहते. हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. शंभरदा सुखरूप उतरलेल्याला एकशे एकाव्या वेळी अनुभव दगा देतो तो असा. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेने १९८६मध्ये नोंदवले होते की बंदिस्त जागेतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली होती. सोबती कोसळलेला दिसला की उडी घ्यावीशी वाटते, आणि ती न घेता आधी हवा तपासायची, दोराने वर ओढायचे, हे निव्वळ सरावाने अंगवळणी पडते.

उंचीवरही तेच आहे. हार्नेस घातला की माणूस वाचला, अशी समजूत सर्वत्र आहे. हार्नेस पडणे थांबवतो; पण निपचित लटकत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचत जाते आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दलाची शिडी येईपर्यंत तेवढा वेळ हातात नसतो. त्याला खाली आणण्याचे काम वर असलेल्या दुसऱ्या रिगरलाच करावे लागते आणि त्यासाठी वेगळी साधने व वेगळा सराव लागतो. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने गंजलेला बोल्ट कसा ओळखायचा, अँटेनासमोर काम करताना तिची शक्ती कमी करून घेतल्याची खात्री कशी करायची, तुटलेल्या फायबरमधून येणारा आणि डोळ्याला न दिसणारा लेझर चालू आहे का हे डोळा न लावता कसे पाहायचे, गच्चीजवळून जाणाऱ्या उच्चदाब वाहिनीपासून लोखंडी शिडी किती दूर ठेवायची, हे प्रश्न उस्तादाच्या मर्जीवर सोडण्यासारखे नाहीत. दहा वर्षांच्या अनुभवी माणसाला प्रशिक्षक चढायला शिकवणार नाही. सोबती वर अडकला तर काय करायचे, ते शिकवील. अनुभवी माणसाला थेट परीक्षेला बसण्याची मुभा असावी. तो उत्तीर्ण झाला तर वर्गाची गरज नाही.

ठेकेदार : बरं, मग तुमच्या अमेरिकेचंच घ्या. तिथे कायदा आहे, पैसा आहे, दंड आहे. तरी तिथेही माणसं टॉवरवरून पडतातच ना? मग सक्तीने साधलं काय?

लेखक : हा या वादातला सर्वांत अवघड आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. अमेरिकेत दूरसंचाराच्या कामासाठी १९७५पासून स्वतंत्र सुरक्षा मानक आहे. प्रशिक्षण मिळाल्याखेरीज कामगाराला कामावर लावू नये, असे ते सांगते, आणि प्रशिक्षण दिल्याचा दाखला मालकाने लिहून ठेवावा, असेही. तरीही २००३ ते २०११ या काळात मोबाइल टॉवरवर काम करताना ५० जण मेले, आणि २०१३ या एकाच वर्षी संचार टॉवरवरच्या कामात १३ जणांनी जीव गमावला, मागच्या दोन वर्षांच्या बेरजेहून जास्त. मोबाइलचे जाळे घाईने वाढवण्याचे ते दिवस होते. या मृत्यूंचा माग काढणाऱ्या पत्रकारांना जे सापडले, ते तुमच्या पहिल्याच बोलण्याशी जुळते : काम तिसऱ्या-चौथ्या हातात गेलेले, दर घासून पातळ झालेला, आणि मूळ कंपनीचे नाव अपघातांच्या नोंदींत सहसा नाही. दाखला मालकाने स्वतःच लिहायचा आणि मालक म्हणजे साखळीतला शेवटचा, सर्वांत गरीब ठेकेदार. प्रशिक्षणाची सक्ती तिथे होती, पण तिचे ओझे चुकीच्या खांद्यावर होते. २०१४मध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेने टॉवर कंपन्यांना पत्र लिहून बजावले आणि तपासणीत ठेक्याची सगळी साखळी नोंदवण्यास सुरुवात केली, ती यामुळेच.

दुसरा दाखला कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातला आहे. २००९च्या नाताळच्या आदल्या दिवशी टोरंटोत इमारतीबाहेरचा झुलता मंच तुटून चार कामगार मेले. त्या दुर्घटनेनंतर झालेल्या फेरविचारातून १ एप्रिल २०१५पासून बांधकामावर उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले. तिथे दाखला मालक लिहीत नाही, अभ्यासक्रम आणि संस्था दोन्ही सरकार ठरवते, आणि तीन वर्षांनी पुन्हा शिकावे लागते. नंतरच्या अभ्यासात पडून झालेल्या दुखापतींचे दावे सुमारे एक पंचमांशाने घटलेले दिसले, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो अगदी छोट्या ठेकेदारांकडच्या कामगारांना. प्रशिक्षणाने अपघात आपोआप कमी होतात, असा दावा मी करत नाही. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचा निष्कर्ष असा होता की प्रशिक्षणाने कामगारांचे वागणे बदलल्याचा पुरावा भक्कम आहे, दुखापती घटल्याचा मात्र पुरेसा नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर अर्थ सरळ निघतो. माणूस शिकतो, पण शिकल्याप्रमाणे वागायला त्याला वेळ, साधने आणि नाही म्हणण्याची मोकळीक लागते. ती देणे त्याच्या हातात नसते.

रिगर : साहेब, मधे बोलतो म्हणून राग मानू नका. तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलताय, पण दाखला आला की तो माझ्याच गळ्यात पडणार. आज पडलो तर ठेकेदाराला विचारतील, पट्टा का दिला नाहीस. उद्या माझ्या खिशात कार्ड असलं की म्हणतील, तू तर शिकलेला होतास, चूक तुझी. फी माझ्याच पगारातून कापतील. परीक्षा इंग्रजीत असली तर मी कागद कोरा देणार. आणि पाऊस पडत असताना वर चढायला नाही म्हणालो, तर कार्ड दाखवून पोट भरणार आहे का? उद्या फोन येणार नाही, एवढंच.

लेखक : या चारही शंकांना उत्तर न देणारी सक्ती अन्यायाची ठरेल, हे आधी कबूल केले पाहिजे. फीपुरता कायदा तुमच्या बाजूने आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत म्हटले आहे की सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचा खर्च कामगाराकडून घेता येणार नाही. सुरक्षेचे प्रशिक्षण त्यातच येते, आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरीही त्याच न्यायाने मालकाने द्यायला हवी. दोषाची भीती जास्त खरी आहे. त्याच संहितेत कर्तव्यात कसूर करणाऱ्या कामगाराला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मृत्यू झाल्यास जबाबदार व्यक्तीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडाचा निदान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण जबाबदार कोण, हे ठरवताना साखळीतला सर्वांत खालचा माणूस सर्वांत सोपा सापडतो. म्हणून नियमात स्पष्ट लिहायला हवे की कार्ड हे कामगार शिकल्याचा पुरावा आहे, मालकाने साधने आणि वेळ दिल्याचा नाही. ते दोन्ही मालकाने वेगळे सिद्ध करायचे. गंभीर इजेची वाजवी शंका आली तर ती मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क संहितेने दिला आहे. तो प्रशिक्षणाचा पहिला धडा असावा, आणि काम थांबवल्याची नोंद वर्क परमिटवर व्हावी, म्हणजे उद्या फोन का आला नाही हे विचारता येईल. परीक्षा मराठीत आणि हिंदीत, शक्य तितकी तोंडी आणि प्रत्यक्ष करून दाखवण्याची असावी. टॉवरवर निबंध लिहायचा नसतो.

ठेकेदार : म्हणजे शेवटी मोठे ठेकेदार टिकणार आणि माझ्यासारखे मरणार. दहापेक्षा कमी माणसं आहेत म्हणून आज मला बरेच नियम लागत नाहीत. उद्या तुम्ही तेही लावणार.

लेखक : ती पळवाट तुम्हालाही तारत नाही. १९९६च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने टेलिफोन, वायरलेस आणि टॉवरचे काम बांधकामातच धरले होते. पण त्या कायद्यालाही दहा कामगारांचा उंबरा होता आणि नव्या संहितेनेही तो ठेवला आहे. सहा-सात माणसांची टोळी घेऊन हिंडणारा उपठेकेदार त्या उंबऱ्याच्या अलीकडे राहतो, आणि सर्वांत धोक्याचे काम नेमके त्याच्याच वाट्याला येते. तुमचा दर घसरतो तो तुमच्याहून कमी माणसांत, कमी साधनांत काम करायला कोणीतरी तयार असतो म्हणून. प्रमाणपत्र सर्वांना सारखे लागू झाले तर ही खालच्या दिशेची स्पर्धा थांबते; नियम पाळणारा आज जसा महाग ठरून काम गमावतो, तसा उद्या गमावणार नाही. मात्र त्यासाठी सक्तीचा रोख ठेकेदाराऐवजी साइटवर हवा. ज्याचा टॉवर, ज्याचे चेंबर, ज्याचे डेटा सेंटर, त्याने प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला आत सोडायचे नाही. सोडले तर दंड त्याला. प्रशिक्षणाचा खर्च निविदेत स्वतंत्र रकमेने दाखवायचा, सर्वांत कमी दराच्या चढाओढीतून तो वगळायचा. कार्ड कामगाराच्या नावावर, कोणत्याही कंपनीत चालणारे, तीन वर्षांनी नूतनीकरण करायचे आणि फाटकावर मोबाइलने पडताळता येणारे. म्हणजे तुमचा पोरगा दुसऱ्याकडे गेला तरी त्याचे शिक्षण वाया जात नाही, आणि दुसऱ्याकडून आलेला तुम्हाला शिकलेलाच मिळतो. दाखले विकले जाण्याच्या तुमच्या पहिल्या भीतीचे उत्तरही यात आहे : शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगवेगळे असावेत, आणि खोट्या दाखल्याने झालेल्या अपघाताची झळ वरच्या कंपनीपर्यंत पोहोचावी. ज्याला झळ पोहोचते तो दाखला तपासून घेतो. लहरींच्या मर्यादेबाबत कंपन्यांना दंडाची धास्ती घालता आली, तर इथेही ती घालता येईल.

याची सुरुवात दिल्लीच्या अधिसूचनेची वाट न पाहता करता येते. नवी मुंबईत रस्ता खोदायचा तर परवानगी महापालिका, सिडको किंवा एमआयडीसी यांपैकी कोणाची तरी लागते. ब्रिटनने १९९१च्या कायद्याने रस्त्यावर खोदकाम करणाऱ्या टोळीत आणि तिच्या देखरेखीला पात्रतेचे कार्ड असलेला माणूस असलाच पाहिजे, असे ठरवले. ते कार्ड पाच वर्षे चालते. आपल्याकडे परवानगीच्या अर्जात केबलची लांबी आणि रस्त्याची दुरुस्ती यांबरोबर, चरात आणि चेंबरमध्ये उतरणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा एक रकाना घालता येईल. तो रकाना रिकामा असेल तर परवानगी थांबावी. ग्राहकाचे नेटवर्क जिल्ह्यात २४ तासांहून अधिक बंद राहिले तर त्याला भरपाई मिळावी, असा नियम दूरसंचार नियामक ट्रायने २०२४मध्ये केला. तो योग्यच आहे. पण वेळेचा नियम कडक आणि जिवाचा नियम ढिला असेल, तर दोहोंच्या मध्ये सापडणारा माणूस ठरलेला असतो. म्हणून निर्णय असा : प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचे व्हावे, त्याचा खर्च व जबाबदारी जाळ्याच्या मालकावर असावी, आणि जोवर ही दुसरी अट मान्य होत नाही तोवर पहिली एकट्याने लादू नये.